अस्करच्या बंगल्यातले गाऱ्हाणे

गावाहून निघाले तेव्हा पायांत नव्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या. कणकवलीपासून मुंबईपर्यंत एसटीत मी चपलांकडेच बघत होते, म्हणून वाटेतले सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. विमानतळावरही मी चपलाच पाहिल्या. तिथे मात्र त्या चावत होत्या म्हणून नव्हे, तर इतक्या अनोळखी माणसांत मान वर करायची मला सवय नव्हती म्हणून.

ते साल एकोणऐंशीचे. पाऊस नुकता संपला होता. माझे शिक्षण चौथीपर्यंत. नंदाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेच्या वहीत मागची पाने कोरी राहिली होती, त्यांत हे लिहिते आहे. वही तांदळाच्या डब्यामागे असते आणि तिथे घरातले दुसरे कोणी हात घालत नाही.

माझे यजमान माडावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. पाय सांधला, पण पुन्हा माडावर चढण्याजोगा राहिला नाही. त्यांचे चुलतभाऊ बाबी, म्हणजे माझे भावजी, बहरीनला एका इंग्रज साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेबाची म्हातारी आई विलायतेहून मुलाकडे राहायला आली होती. तिच्या सोबतीला आणि स्वयंपाकाला बाई हवी होती. भावजींनी पत्रात लिहिले की आधीची बाई फार बोलायची, म्हणून आता साहेबाला अजिबात न बोलणारी बाई पाहिजे. ते पत्र वाचून आमच्या घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. माझ्या लाजरेपणाचा उपयोग झाला तो हा पहिल्यांदाच.

विमानात एका मुलीने माझ्या पोटावर पट्टा बांधून दिला. तो सोडायचा कसा ते मी तिला विचारले नाही, त्यामुळे बहरीनला सगळे उतरून गेले तरी मी बसूनच होते. शेवटी तिनेच येऊन सोडवले.

बाहेर आले तर मोदकपात्राचे झाकण तोंडासमोर कोणी उघडावे तशी हवा. भावजी गाडी घेऊन आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी माती, पांढरी बुटकी घरे, आणि मग एकदम माडांची रांग दिसली. माझा जीव भांड्यात पडला. मी वर बघत राहिले, पण एकाही झाडाला नारळ नव्हता. बऱ्याच वेळाने धीर करून मी भावजींना विचारले की यंदा इथे पीक आले नाही का. ते हसून हसून गाडी बाजूला घ्यायला लागले. ती खजुराची झाडे होती. बहरीनमध्ये मी बोललेले पहिले वाक्य हे, आणि भावजींनी ते आठवडाभर ओळखीच्या प्रत्येकाला सांगितले.

साहेबाचा बंगला अस्कर गावाजवळ होता. एका अंगाला समुद्र आणि कोळ्यांच्या होड्या, दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना. साहेब आणि त्यांची बायको दोघेही त्या कारखान्यातच कामाला होते. समुद्र बघून मला बरे वाटले, पण तो आपल्याकडच्यासारखा बोलत नाही. लाट अशी नाहीच. परातीत ओतून ठेवलेल्या पाण्यासारखा गप्प पडलेला असतो. माझ्यासारखाच, असे भावजी म्हणाले.

पहिल्या दिवशी मी गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजला. उन्हाने छपरावरची टाकी तापते, म्हणून तिथे गार नळाला कढत पाणी येते आणि गरम पाण्याचा बंब बंद ठेवला की त्यातले गार असते. हे उलटे गणित माझ्या डोक्यात बसायला पंधरा दिवस गेले. घरात मात्र एसी इतका थंड की म्हातारी मॅडम लोकरीचा स्वेटर घालून बसलेल्या असत. बाहेर भट्टी आणि आत स्वेटर.

त्यांना मी मनात आजीमॅडम म्हणत असे. बारीक अंगकाठी, कापसासारखे केस, डोळे मात्र कावळ्यासारखे तीक्ष्ण. पहिले चार दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो, कारण त्यांचे इंग्रजी मला येत नव्हते आणि माझे काही त्यांना येत नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी पेटीतून कापडाचे तुकडे काढले आणि एकाला एक जोडून शिवायला घेतले. बघते तर गोधडी! तुकडे आपल्यापेक्षा नीट कापलेले, सगळे सहा कोनांचे, पण गोधडीच. मी न विचारता सुई उचलली. त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसून शिवत होतो आणि बोलण्याची अडचण दोघींनाही राहिली नाही.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी भावजी मला मनामाच्या बाजारात नेत. मासळीबाजारात ते चनाद, चनाद म्हणत मला एका ढिगाकडे घेऊन गेले. बघते तर ती आपली सुरमई. परमुलखात माहेरचे माणूस भेटावे तसे झाले. त्या दिवशी आजीमॅडमना मी सुरमईचे तिखले करून वाढले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, नाक लाल झाले, आणि त्यांनी ताट पुन्हा पुढे केले.

थंडी सुरू झाली तसा घरात एक प्रकार सुरू झाला. दिवेलागणीच्या वेळी मागच्या दारावर टक, टक, टक, असा तीनदा आवाज यायचा. मी दार उघडले तर बाहेर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. आजीमॅडम पांढऱ्या पडल्या. त्यांनी माझा पदर धरला तो अंधार पडून साहेब घरी येईपर्यंत सोडला नाही.

त्यांनी भावजींना बोलावले आणि जे सांगितले ते भावजींनी मला आपल्या भाषेत सांगितले. आजीमॅडमच्या गावात शेते, दगडी कुंपणे आणि मेंढ्या. पणजोबांच्या वेळी तिथे एक फेरीवाला यायचा, खांद्यावर गाठोडे, त्यात सुया, दोरे, फिती. एका हिवाळ्यात बर्फ पडत होते म्हणून तो त्या पणजोबांच्याच शेतघरात वस्तीला राहिला. सकाळी वाटेवर त्याचे प्रेत मिळाले आणि गाठोडे नाहीसे. शेतावरच्या नांगरगड्याने मारले असे ठरले आणि त्याला फाशी झाली. तेव्हापासून त्या गावात दिवेलागणीला तीनदा दार वाजते. उघडावे तर कोणी नसते, नुसता गारवा आत येतो. फेरीवाला आपले गाठोडे शोधत दारोदार फिरतो.

सांगताना भावजींनी फेरीवाल्याचे मुंडके धडावेगळे केले आणि ते त्याच्या काखेत दिले. त्यांचा हात मानेवरून फिरलेला आजीमॅडमनी पाहिला आणि त्यांना दटावले, की त्याचे डोके जागेवर आहे. भावजी मला म्हणाले, विलायती भुतांना धड हौसही नाही. हे म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून ते दिवेलागणीला मागच्या दाराने यायचे बंद झाले.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. ते चांगले माणूस. त्यांचे म्हणणे असे की दिवसभर तापलेले पाइप संध्याकाळी गार होताना वाजतात. त्यांनी केरळचा एक प्लंबर आणून मागचे सगळे पाइप बदलून घेतले. नवे पाइप बसले त्याच संध्याकाळी दार तीनदा वाजले, आणि आधीपेक्षा खणखणीत. मग आजीमॅडमना सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितले की यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यावर आजीमॅडम येताना वाटभर खूश होत्या. पण संध्याकाळ झाली की माझा पदर त्यांच्या मुठीत. मी भाकऱ्या भाजायला उठले तरी पदरामागे त्याही उठत.

मला भुताचे काही वाटत नव्हते. आमच्या गावात पाणंदीला एक, वडाला एक आणि शाळेमागे एक आहे, सगळी नावानिशी माहीत. पण पौषात यजमानांचे पत्र आले. नंदाचे लग्न ठरले होते. मुलगा देवगडचा, माणसे बरी, मुहूर्त वैशाखातला. पत्राच्या खाली नंदाने स्वतःच्या अक्षरात एकच ओळ लिहिली होती, आई तू नसलीस तर मी बोहल्यावर चढणार नाही. माझी मुलगी माझ्यासारखी नाही, ती बोलली की करते.

भावजींनी माझ्या वतीने साहेबांकडे रजा मागितली. साहेबांनी आईकडे बघितले, माझ्या पदराकडे बघितले, आणि म्हणाले की आईला असे सोडून तुला पाठवता येणार नाही, तिला बरे वाटले की बघू, इंशाल्ला.

मला वाटले काम झाले. बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "वैनी, अरबाच्या तोंडात इंशाल्ला इला तर काम होता. साहेबाच्या तोंडात इला म्हणजे नाय म्हणता तो."

मग मी विचार करायला लागले. पोळी लाटताना, गोधडी शिवताना, सतत तोच विचार. आमच्या दक्षिण कोकणात भुताला कोणी मारून हाकलत नाही. त्याला बसायला जागा देतात, वर्षाचा मान देतात आणि काम सांगतात. घर राख, बाग राख, वाटसरूला वाट दाखव. असा राखणदार एकदा बसला की तो घरच्यासारखाच. त्यासाठी गाऱ्हाणे घालावे लागते. गावातला मानकरी नारळ हातात घेऊन देवाला सगळे मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. म्हणजे सगळ्यांच्या साक्षीने बोलणे होते आणि मग कोणालाच मागे फिरता येत नाही, देवालाही नाही.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. भूत आपल्या गावची सीमा ओलांडत नाही. वडावरचे आमचे भूत नदीपलीकडच्या गावात कधी गेल्याचे ऐकले नाही. मग हा फेरीवाला विलायतेची सीमा आणि एवढा समुद्र ओलांडून अस्करला आला कसा? आमच्याकडे याचे उत्तर लहान पोरालाही ठाऊक असते. भुताची वस्तू कोणी उचलून नेली तरच ते तिच्यामागून येते.

मी भावजींना म्हटले की आजीमॅडमना विचारा, त्याचे काय आणले आहे. भावजी दोन पावले मागे सरकले. म्हणाले, साहेबाच्या आईला मी चोर म्हणू? मग माझा विझा साहेब फाडील की तू फाडशील? गाऱ्हाणे मात्र त्यांना पटले. आपले आजोबा गावचे मानकरी होते, गाऱ्हाणे आपल्या रक्तात आहे, ते आपणच घालणार, असे त्यांनी सांगितले. फक्त एक शंका त्यांनी काढली, की या फेरीवाल्याकडे पासपोर्ट नाही, विझा नाही, त्याला बंगल्यावर कामाला ठेवले तर साहेब अडचणीत येतील का.

साहेब तयार होतील असे मला वाटले नव्हते. पण आजीमॅडमनी ऐकल्याबरोबर होकाराची मान हलवली, आणि आईने मान हलवली की साहेबांचे काही चालत नसे.

नारळ मनामात एका मल्याळी दुकानात मिळाला. हलवला तर आतून आवाज आला, म्हणजे पाणी होते. नैवेद्याचा प्रश्न पडला. आमचा राखणदार बिडी ओढतो आणि वडे खातो, पण इंग्रज भूत काय खाते? आजीमॅडमनी सांगितले तसे मी दुधाचा चहा, लोणी लावलेला पाव आणि उकडलेले अंडे असे एका ताटात मांडले. साहेबांनी आपल्या पाइपातली तंबाखू दिली. बंगल्याचा पहारेकरी अबू युसुफ म्हणून म्हातारा बहरीनी होता, तोही घरून खुब्झ (तंदुरी भाकरी) आणि खजूर घेऊन आला. त्याला हे सगळे नवे वाटले नाही. त्यांच्याकडेही जमिनीवर कढत पाणी ओतण्याआधी देवाचे नाव घेतात, म्हणजे खाली कोणी असेल तर ते बाजूला होते. एवढी साधी रीत साहेबाला माहीत नाही याचेच त्याला नवल वाटत होते.

शुक्रवारी दिवेलागणीला आम्ही सगळे मागच्या अंगणात, दाराकडे तोंड करून उभे राहिलो. साहेब, त्यांची बायको, आजीमॅडम खुर्चीवर, अबू युसुफ आणि मी. भावजींनी दुपारीच सगळ्यांकडून ‘व्हय म्हाराजा’ घोटून घेतले होते. साहेबांना ते चांगले जमले. त्यांच्या चर्चमध्येही पाद्रीच्या बोलण्यानंतर असेच काहीतरी म्हणतात म्हणे. अबू युसुफ प्रत्येक वेळी त्याला इंशाल्ला जोडत होता.

भावजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, नारळ हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा."

आणि दार वाजले. टक, टक, टक. आम्ही सगळेच्या सगळे दाराच्या बाहेर उभे होतो. दाराजवळ कोणीही नव्हते, ते सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

साहेब हळूच म्हणाले, पाइप. पण त्यांच्या स्वतःच्या आवाजात दम नव्हता. भावजींचे तोंड उघडे होते आणि त्यातून काही येत नव्हते. आजीमॅडमनी माझ्या पदराकडे हात नेला.

गाऱ्हाणे सुरू करून अर्धे सोडता येत नाही. ते न घालण्यापेक्षा वाईट. देवाला हाक मारायची आणि मग काही बोलायचे नाही, म्हणजे तो वाट बघत राहतो. मी भावजींकडे बघितले, ते माझ्याकडे बघत होते. मला नंदाचे अक्षर आठवले. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून नारळ घेतला.

आमच्या गावात बायका गाऱ्हाणे घालत नाहीत. मागे उभ्या राहून ऐकतात. पण चाळीस वर्षे मागे उभे राहून ऐकले की सगळे पाठ होते, हे मला त्या दिवशी कळले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा सीमांच्या म्हाराजा," मी म्हटले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आज ह्या परमुलखात तुझी लेकरा तुझ्या पायाशी उभी आसत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साहेब म्हणाले. अबू युसुफ म्हणाला, इंशाल्ला.

"हो जो विलायतेचो फेरीवालो, सुयो-दोरे इकणारो, जेचा नाव आमका ठाव नाय, तो दारात उभो ऱ्हवता म्हाराजा. तेका चाय ठेवली, पाव ठेवलो, तमाखू ठेवली, ती गोड मानून घेऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भावजींचा आवाज तेवढ्यात परत आला. ते आजीमॅडमच्या कानाशी लागून माझे एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लागले.

"तेची काय वस्तू कोणी नेली आसात, जाणता नेली आसात, अजाणता नेली आसात, ती चूक पदरात घे, आणि तेका ह्या घराचो राखणदार कर म्हाराजा."

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ आले नाही. आजीमॅडमनी हात वर केला होता. त्या भावजींना काहीतरी म्हणाल्या. भावजी माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा भूत पाहिल्यापेक्षाही उतरला होता.

"वैनी, म्हातारी म्हणता, अजाणता नाय. जाणून."

आजीमॅडमनी झग्याच्या खिशातून चांदीचे अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) काढले. रोज दुपारी माझ्यासमोर बसून त्या तेच घालून शिवत होत्या. ते त्यांनी नारळाशेजारी ताटात ठेवले. मग खुर्चीवर ताठ बसून त्यांनी सांगितले, आणि भावजींनी या खेपेला पदरचे काही घातले नाही.

फेरीवाल्याला त्यांच्या पणजोबांनी मारले होते. गाठोडे घरात लपवले होते. पणजीला सगळे माहीत होते. गडी फासावर गेला तेव्हाही ती बोलली नाही. मरताना तिने मुलीला अंगुस्तान दिले आणि गोष्ट सांगितली. मुलीने तिच्या मुलीला. अशी ती आजीमॅडमपर्यंत आली. त्या गड्याच्या घरातली माणसे अजून त्याच गावात राहतात आणि अजून त्यांना खुन्याची पोरे म्हणतात. चार बायकांनी एकीमागून एक हे अंगुस्तान घालून शिवले आणि चौघीही गप्प राहिल्या.

साहेबांना यातले काही माहीत नव्हते. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. तिथूनच त्यांनी एक ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, जागा चुकवून. मी नारळ फोडला आणि सगळ्यांना तुकडा दिला. गाऱ्हाण्यानंतर तो द्यावाच लागतो. साहेबांच्या बायकोने विचारले की हा चावायचा की गिळायचा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दार पुन्हा वाजले. मी आजीमॅडमकडे पदर धरायला पुढे केला, पण त्यांनी घेतला नाही. शिवता शिवता दाराकडे न बघता त्या आपल्या भाषेत काही म्हणाल्या. एवढे इंग्रजी आता मला येत होते. येते आहे, दम धर, असे म्हणाल्या होत्या. आणि साहेब घरी आल्यावर त्यांनी त्यांना विलायतेचे तिकीट काढायला सांगितले. गावाला जाऊन खरे काय ते सगळ्यांसमोर सांगायचे होते.

मी फेरीवाल्याला बहरीनच्या बंगल्याचा राखणदार नेमला होता आणि तो आपल्या गावाला चालला होता. गाऱ्हाण्यात कुठेतरी माझे चुकले असणार. पण आजीमॅडम जाणार म्हणजे मला रजा मिळणार, म्हणून मी ते कोणाला बोलून दाखवले नाही.

रजा मिळाली. साहेबांनी आल्या दिवसापासून त्यांच्याकडे ठेवलेला माझा पासपोर्ट खणातून काढून माझ्या हातात दिला आणि फार अवघडून सांगितले की आई इथे नसेल तर सोबतीच्या बाईचेही काम नाही, तेव्हा तू गेलीस की परत यायचे कारण नाही. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. भावजींनी कपाळाला हात लावला.

"वैनी, भूत घालवलंस, म्हातारी घालवलंस, आता सोताची नोकरीपण घालवलंस. तुका गप ऱ्हवणारी म्हणान आणलेला."

आमची दोघींची विमाने एकाच दिवशी होती, दोन तासांच्या अंतराने. विमानतळावर आजीमॅडम माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. अंगुस्तान रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणि पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. त्यांनी भावजींना बोलावून मला विचारायला सांगितले, की तू त्या दिवशी बोललीस तेव्हा तुझे पाय कापले नाहीत का. मी सांगितले, कापले. तर म्हणाल्या, दिसले नाहीत ते. मी म्हटले, नारळ दोन्ही हातांत धरला होता ना. काहीतरी जड दोन्ही हातांत धरले की लोक त्याच्याकडे बघतात, पायांकडे बघत नाहीत. भावजींनी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की आमच्या गावात नारळ मिळत नाही. मी म्हटले, जे मिळेल ते धरा.

त्यांच्या विमानाची हाक आली. त्यांनी माझा पदर धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग नीट घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि गेल्या.

मी लग्नाच्या सहा दिवस आधी घरी पोचले. नंदा बोहल्यावर चढली. मांडवात कोणी विचारले की बहरीन कसे आहे, तर मी सांगत होते की गरम आहे. नारळ नाहीत, सुरमई आहे.

दिवाळीच्या सुमारास भावजींचे पत्र आले. साहेबांना आईचे पत्र आले होते, ते त्यांनी भावजींना वाचून दाखवले होते आणि भावजींनी ते मला कळवले. यजमान ओटीवर मोठ्याने वाचत होते आणि मी आत चुलीपाशी ऐकत होते. आजीमॅडमच्या गावात सुगीचा सण असतो. लोक शेतातले जे काही असेल ते नेऊन चर्चमध्ये मांडतात. त्या दिवशी सगळे गाव जमले असताना आजीमॅडम उठून उभ्या राहिल्या. समोरच्या ढिगातला सगळ्यांत मोठा भोपळा त्यांनी दोन्ही हातांत उचलला आणि पणजोबांपासून सगळे सांगितले. सांगून झाले तरी त्या भोपळा धरून तशाच उभ्या, कारण पुढे काय करायचे ते त्यांना माहीत नव्हते. तेव्हा मागच्या बाकावरून त्या फाशी गेलेल्या गड्याच्या घरातला म्हातारा उठला. हळूहळू पुढे आला आणि म्हणाला, जड आहे तो, इकडे द्या.

यजमानांनी पत्राची घडी केली आणि विचारले की ही म्हातारी असे भरल्या देवळात बोलायला शिकली कुठे. मी म्हटले, त्यांच्याकडे पद्धत असेल. भाकरी करपत होती, ती उलटली.

देवदिवाळीला आमच्या देवळात गाऱ्हाणे झाले. मानकऱ्यांनी बारा सीमा सांगताना एक वाक्य गाळले. मी बायकांत मागे उभी होते. मला कळले, पण मी काही बोलले नाही. गाऱ्हाणे बायकांना येत नाही, असे आमच्या गावात अजून सगळ्यांना वाटते.